काकूंची साखर आणि रात्री दहाचे ताट

काका दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यात येतात. एस.टी.त ड्रायव्हर म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली. निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. येताना त्यांच्या हातात काहीही नसते. फाईल, चष्म्याचे घर, गोळ्यांची पिशवी, पाण्याची बाटली हे सारे काकूंकडे. काका खुर्चीवर बसतात आणि काकू उभ्यानेच सांगतात, "ह्यांना सकाळी उठल्यावर गरगरतं म्हणे. लोणचं बंद करा म्हटलं तर ऐकतील तर शपथ!" मी काकांचा रक्तदाब पाहतो, गोळ्या लिहून देतो आणि दोघे निघून जातात. अशी सहा-सात वर्षे गेली. एवढ्या काळात काकूंना मी एकदाही तपासले नव्हते. त्यांची फाईलच नव्हती. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

गेल्या श्रावणात काकू आत आल्या त्या किंचित लंगडत.

"पायाला काय झालं, काकू?"

"काही नाही हो डॉक्टर. लग्नात नवी चप्पल घातली होती, ती चावली."

लग्न कधी होते? ज्येष्ठात! म्हणजे चप्पल चावून दोन महिने होत आले होते. बळेच खुर्चीवर बसवून पायाचे फडके सोडायला लावले. हळदीचा थर पुसल्यावर अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम दिसली. मी दाबून पाहिले, तरी काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "दुखत नाही ना, म्हणून तर दाखवली नाही," त्या म्हणाल्या. वाचकहो, दोन महिन्यांची जखम दाबल्यावर दुखत नाही, ही आनंदाची गोष्ट नव्हे. पायाची जाणीव कमी झाली आहे असा त्याचा अर्थ होतो.

बोटाला सुई टोचून तिथेच साखर पाहिली. २८६! मग विचारत गेलो तशा एकेक गोष्टी बाहेर पडल्या. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागत होते. "वय झालं." घशाला सारखी कोरड पडत होती. "उन्हाळा होता." खाज सुटत होती, ती सांगायची लाज. चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटत होता, पण काकांच्या मोतीबिंदूचे आधी उरकायचे होते. प्रत्येक लक्षणाला काकूंजवळ कारण तयार होते.

सर्वांत जास्त धक्का बसला तो काकांना. "हिला साखर? अहो, ही हाडाची काडी! गोड खाते ते सणावारी. आणि पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत पायावर उभी असते. बसून असतो तो मी. साखर व्हायची तर मला व्हायला हवी होती!"

काकांचा प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मला दवाखान्यात मिळाले नाही, ते त्यांच्या घरी मिळाले.

पावसाने अडकलेली संध्याकाळ

जखमेची तपासणी झाली, हाडापर्यंत विकार गेलेला नाही याची एक्स-रे काढून खात्री केली, औषधे सुरू झाली. त्या पायावर भार द्यायचा नाही असे काकूंना बजावले होते. त्यांचे घर माझ्या वाटेवरच. म्हणून पट्टी बदलायला एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास मीच गेलो. पट्टी झाली आणि पावसाने जो जोर धरला तो धरलाच. "आता जेवूनच जा," असा आग्रह झाला. त्यामुळे एका चारचौघांसारख्या घरातली सात ते दहा ही वेळ मला आरंभापासून शेवटपर्यंत पाहायला मिळाली. डॉक्टरला हे सहसा दिसत नाही. रोगी आमच्याकडे येतो तो आपले घर मागे ठेवून.

सात वाजता काकांच्या बातम्या. साडेसातला पहिली मालिका. सून शाळेत शिक्षिका आहे. ती सातला दमून आली, तोंड धुऊन वह्यांचा गठ्ठा घेऊन टीव्हीसमोर बसली. मुलगा आला तो एक डोळा टीव्हीवर आणि एक मोबाईलवर ठेवून. सहावीतला नातू शिकवणीहून साडेसातला आला आणि आल्याआल्या चिवड्याच्या डब्यात हात घातला. जेवण म्हणून असे कोणी बसलेच नाही. सव्वाआठला काकांचे ताट आले. मग माझे. पावणेनऊला मुलाचे, नऊनंतर सुनेचे आणि नातवाचे. प्रत्येकाचे ताट मांडीवर आणि नजर पडद्यावर. पाय टेकायचा नाही असे सांगितलेल्या काकू स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या पाटावर ठेवून भाकऱ्या भाजत होत्या. कारण या घरात भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते. काका म्हणतात, "गार भाकरी म्हणजे पुठ्ठा!"

मी स्वतःसुद्धा ताट मांडीवर घेऊन मालिका पाहतच जेवलो. पडद्यावर कोणाचे तरी मृत्युपत्र फाटले होते. आमटी कशी झाली होती ते मात्र मला आज सांगता येणार नाही.

काकूंचे ताट आले तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. त्या ताटात काय होते? पातेल्यात उरलेला भात सगळा, कारण सकाळी तो कोणी खात नाही. नातवाने टाकलेली अर्धी भाकरी, शिवाय स्वतःच्या दोन. आमटीचे बूड, बटाट्याची उरलेली भाजी. "अन्न टाकवत नाही हो." दिवसातली त्यांची पहिली निवांत वेळ ती! दहाची मालिका सुरू झाली होती. घास तोंडात जात होता, डोळे समोर होते.

जेवण झाल्यावर मी सहज विचारले, "काकू, किती भाकऱ्या झाल्या?"

"एक खाल्ली असेल. रात्रीचं मी फार जेवतच नाही."

त्या खोटे बोलत नव्हत्या. पाहत-पाहत जेवताना आपण काय आणि किती खाल्ले याची मनात नोंद होत नाही, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. ज्यांना जेवताना टीव्ही पाहायला दिला त्यांना आपण काय खाल्ले ते नीट आठवत नाही, आणि पुढच्या खाण्याच्या वेळी ते जास्तच खातात. पोट भरल्याची खूण नुसती पोटातून येत नाही, ती आठवणीतूनही येते.

साडेदहाला मालिका संपली, अकराला दिवे मालवले. म्हणजे दिवसातले सर्वांत मोठे आणि सर्वांत पिष्टमय जेवण झोपेच्या तासभर आधी!

या वेळेचा काय परिणाम होतो? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वीस निरोगी तरुण माणसांना तेच जेवण एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिले. झोपायची वेळ दोन्ही दिवशी अकराचीच. रात्री दहाच्या जेवणानंतर रक्तातली साखर सुमारे १८ टक्के अधिक वर चढली. ही निरोगी माणसे होती. ज्यांचे स्वादुपिंड आधीच थकले आहे त्यांची गोष्ट तर बोलायलाच नको.

(ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. भाकरी चांगली, तंतुमय, मैद्यापेक्षा शतपटीने बरी. पण तीही पिष्टमयच. दोन भाकऱ्या आणि वर भात याला पथ्य म्हणत नाहीत. गुळाचेही तसेच.)

बारीक माणसाला साखर कशी?

काकांच्या प्रश्नाचा पहिला भाग हा होता. काकूंचे वजन ५२ किलो. कोणीही त्यांना लठ्ठ म्हणणार नाही. पण टेप लावून पोटाचा घेर मोजला तेव्हा तो ८८ सेंटिमीटर भरला. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी ठेवण आपल्यात फार आढळते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनाचा काटा जे सांगत नाही ते असे असते. आपल्या माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. म्हणून 'मी बारीक आहे, मला काय होणार' या समजुतीत कोणी राहू नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या कित्येकांची स्वतःची फाईल नसणार.

दळण, दूध आणि मंडई

आता प्रश्नाचा दुसरा भाग. "दिवसभर पायावर उभी असते, मग व्यायाम होत नाही का?"

हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी गृहिणी विचारते, बहुधा जरा रागाने. तिचा राग रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे निघाले. पाच तास राबणाऱ्या बाईला 'जरा हालचाल करा' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच. पण शरीर कष्ट मोजत नाही, ते मोठे स्नायू किती वेळ सलग चालले ते पाहते. ओट्यापाशी चार तास उभे राहिले तर कंबर मोडते, पोटऱ्या फुगतात, दम मात्र लागत नाही. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू चालताना आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनची मनधरणीही फारशी करावी लागत नाही. उभ्याउभ्या भांडी घासण्यात हे फारसे घडत नाही.

पूर्वी हे चालणे कामांतच होऊन जात असे. काकूंनी मला पट्टी बदलता बदलता हिशेब सांगितला. लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा दुधाचे केंद्र वेशीपाशी, सकाळ-संध्याकाळ चरवी घेऊन जायचे. दळण आठवड्यातून दोनदा, डोक्यावर डबा. मंडई एक दिवसाआड. रेशनला आणि रॉकेलला रांग. वीजबिल भरायला स्टेशन रोडपर्यंत. पोस्टात आवर्तक ठेवीचा हप्ता. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात, ते देवासाठी थोडे आणि मैत्रिणींसाठी फार. "दिवसाला दोन-अडीच मैल सहज व्हायचे. कोणी मोजलं नाही कधी."

आता दूध पिशवीतून दारात येते. दळण मुलगा स्कूटरवर टाकून नेतो. बिले मोबाईलवर भरली जातात. मंडईची भाजी गाडीवाला दारात आणतो. देवळातल्या बायका साडेसातला मालिका सुरू होते म्हणून पांगल्या.

ते जुने दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. रॉकेलच्या रांगेत काव्य नव्हते, आणि चुलीच्या धुराने खोकणाऱ्या बायका मी पुष्कळ तपासल्या आहेत. सोय झाली ती चांगलीच झाली. फक्त त्या सोयीबरोबर दोन-अडीच मैल गेले आणि त्यांची जागा कोणी घेतली नाही, एवढेच माझे म्हणणे.

टीव्हीचेही तसेच. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी संध्याकाळी कार्यक्रम लागत आणि रात्री संपत. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा रस्ते ओस पडत, पण ते संपले की माणसे पुन्हा रस्त्यावर येत. १९९२ नंतर वाहिन्या वाढत गेल्या आणि 'आता संपले, उठा' असे सांगणारे कोणी राहिले नाही.

बसून राहण्याचा तोटा केवढा याचा पुरावा भरपूर आहे. ऑस्ट्रेलियात ८८०० प्रौढ माणसांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०१० साली निष्कर्ष मांडला गेला. रोजच्या टीव्हीच्या प्रत्येक जादा तासामागे मृत्यूचा धोका ११ टक्क्यांनी, आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी अधिक आढळला. टीव्हीच मारतो असा याचा अर्थ नव्हे. आधीच आजारी असलेला माणूस जास्त बसतो, हेही त्यात असू शकते. पण दिशा स्पष्ट आहे.

काकांना पटावे म्हणून मी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. एकाच गाडीवरची माणसे. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर जिना चढ-उतार करणारा. कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला. पुढे मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर नोकरीला लागतानाच जरा जाडे असत असेही दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे कंडक्टर लोक आम्हाला उगाच नाही हसायचे!"

अडीच महिने

जखम भरायला अडीच महिने लागले. त्या काळात काकूंना चालायचे नव्हते. मधुमेहाच्या पायाला जखम असताना 'चालून साखर जिरवतो' म्हणणे म्हणजे पाय गमावण्याची तयारी. हे मुद्दाम लिहितो, कारण असे करणारे रोगी मी पाहिले आहेत.

मग घरचे कोण करणार? इथे खरी गंमत झाली. काकांना नातवाच्या दप्तराची, धुण्याची, देवाच्या फुलांची कामे आली. स्कूटर मुलगा कामावर नेतो, त्यामुळे फुलांना चालतच जावे लागले. दळणाची पाळी आली तेव्हा ते पहिल्यांदा गिरणीत गेले. "वीस वर्षांत गिरणीवाला बदलला, मला माहीतच नाही!" महिन्याभरात त्यांचा वरचा रक्तदाब दहाने उतरला. मी गोळ्या बदलल्या नव्हत्या.

भाकरीचा प्रश्न सुनेने सोडवला. ती एक दिवस सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, गरम भाकरी पाहिजे म्हणून आई शेवटी जेवतात. सगळ्या भाकऱ्या आधी करून दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवू या. ऊनच राहतात." काका दोन दिवस पुठ्ठा-पुठ्ठा म्हणाले, तिसऱ्या दिवशी गप्प बसले. मला विचाराल तर साऱ्या उपचारात या दुरडीइतके मोलाचे काही झाले नाही. जी बाई प्रत्येकाला गरम वाढते ती सर्वांत उशिरा, सर्वांत उरलेले आणि न मोजता खाते. पथ्याचा कागद तिच्या हातात देऊन काही उपयोग नसतो.

मालिका बंद करा असे मी सांगितले नाही. दिवसभर राबलेल्या बाईची तेवढीच करमणूक, ती काढून घेणारा डॉक्टर मला आवडत नाही. एवढेच म्हटले की जेवण पावणेआठला, सगळ्यांनी एकत्र आणि त्या वेळी टीव्ही बंद. पहिला आठवडा फसला. नातवाची शिकवणी, सुनेच्या वह्या, काकांचा रुसवा. शेवटी साडेसातची मालिका सोडली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते, काकू तेव्हा पाहतात. सव्वाआठनंतर टीव्ही खुशाल लावावा. आणि जाहिरात लागली की उठावे. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला बारा मिनिटे जाहिरातींची मर्यादा सांगितली आहे. दोन तास मालिका पाहिल्या तर चोवीस मिनिटे फुकटची! तेवढ्यात ताटे उचला, उद्याची भाजी निवडा, अंगणापर्यंत जाऊन या. ऑस्ट्रेलियातच २०१२ साली दाखवून दिले आहे की दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे नुसते हळू चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

जखम पूर्ण भरल्यावर एक नवाच पेच आला. काकूंना सगळी कामे परत हवी होती. मी सांगितले, चालायची कामे परत घ्या, उभ्याची देऊन टाका. दळण हलके असेल तर काकू पिशवीतून आणतात. मंडईत त्या जातात. भांडी मुलगा घासतो, जाहिरातीत! रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे दोघे विठ्ठलाच्या देवळापर्यंत जाऊन येतात.

साखर उतरली का? उतरली. उपाशीपोटी आता १२० ते १३०च्या आसपास असते. गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहतील. कारल्याचा रस पिऊन गोळ्या सोडल्याचा पराक्रम काकूंच्या जावेने केला होता, तो त्यांनी करू नये म्हणून मी दर वेळी बजावतो. पायाची गेलेली जाणीव मात्र परत आलेली नाही. ती येईल अशी आशा मी दाखवलेली नाही. म्हणून रोज रात्री तळपाय आरशात पाहणे, पाणी आधी कोपराने तपासणे, अनवाणी न फिरणे, आणि चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून झटकणे हे नियम त्यांना जन्मभर पाळायचे आहेत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही झाली, सुदैवाने तिथे अजून काही नाही.

ज्यांच्या आईला किंवा वडिलांना मधुमेह आहे, ज्यांच्या गरोदरपणात साखर वाढली होती, ज्यांचा पोटाचा घेर वर सांगितल्यापेक्षा अधिक आहे, त्यांनी तक्रार नसली तरी साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आकडा दोनदा आला तर मधुमेह समजतात. १०० ते १२५ हा उंबरठा. काकूंच्या मुलाची आम्ही तपासली तेव्हा ११४ निघाली. वय एकेचाळीस! चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता आहार आणि चालणे सुधारून तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मुलाला मी हा आकडा कागदावर लिहून दिला आहे. दळणाची स्कूटर आता तो घरी ठेवतो, असे काकू सांगतात. रोज नाही, पण ठेवतो.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ वा चालणे एकदम बदलू नये. साखर फार उतरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावे आणि चालताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. चालताना छातीत दाबल्यासारखे झाले तर तिथेच थांबावे व लगेच दाखवावे.

परवा दोघे आले होते. फायली दोन. दोन्ही काकांच्या हातात. काकू खुर्चीवर बसल्या.

"डॉक्टर, संक्रांत आली. तिळगुळाचं काय?"

"एक वडी, जेवणाबरोबर. हळदीकुंकवाला दहा घरी जाल, तिथली घरी आणून नातवाला द्या."

"त्याची आई देऊ देईल तर ना!" काकू हसल्या. "बरं, निघतो. पावणेआठला पानं घ्यायची आहेत."

मी पुढच्या रोग्याला हाक मारत दारापर्यंत गेलो. बाहेर चपलांच्या ढिगात काका वाकून काहीतरी शोधत होते. काकूंच्या चपला सापडल्यावर त्यांनी त्या उचलल्या, एकेक उलटी करून झटकली, आत बोट फिरवून पाहिले आणि मग काकूंच्या पायांपाशी ठेवल्या.